वऱ्हाडातली १८०३ ची लढाई : आपण कोणाच्या बाजूने होतो?

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते पोरांना घेऊन सेमाडोहला दोन दिवसांच्या अभ्यास शिबिराला गेलो होतो. परतवाड्याहून घाट चढलो, सिपना नदीच्या काठी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याकडे जाऊन गाविलगड दाखवला. गडाच्या पडक्या तटावर उभे राहून आमच्यातल्या एकाने १८०३ च्या लढाईची माहिती सांगितली. भोसल्यांचा किल्ला, इंग्रजांचा वेढा, किल्लेदाराचे मरण, सगळे झाले. तेव्हा अकरावीतल्या एका कोरकू पोराने विचारले, "सर, या लढाईत आपण कोणाच्या बाजूने होतो?"

आम्ही गप्प झालो. 'मराठ्यांच्या बाजूने' म्हणावे तर अर्धी पोरे हसली असती. 'इंग्रजांच्या बाजूने' म्हणावे तर तेही खोटे. शाळेच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तिथे हा प्रश्नच नाही. हा लेख त्या पोरासाठी आहे. आणि रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून 'आता एकदाच काय ते होऊन जाऊ द्या' म्हणणाऱ्या आमच्याच काही मित्रांसाठीही.

युद्ध एका दिवसात होत नाही. ते आधी दरबारात, खलित्यांत आणि संशयात शिजते. १८०३ चे युद्ध कसे शिजले ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याचा शेवटचा अंक आपल्याच अकोला-अमरावतीच्या मातीत झाला आणि त्याची किंमत वऱ्हाडाने पुढची शंभर वर्षे मोजली.

सुरुवात पुण्यात झाली. दुसऱ्या बाजीरावाने एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी देऊन मारले. विठोजीचा भाऊ यशवंतराव पेटून उठला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ त्याने पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. 'हिंदवी स्वराज्याचा पंतप्रधान' म्हणवणारा बाजीराव पुणे सोडून कोकणात पळाला आणि तिथून इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईच्या तहावर सही केली. कंपनीची सहा पलटणींची फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचे उत्पन्न तोडून द्यायचे, इंग्रजांच्या वैऱ्याचा युरोपियन माणूस नोकरीत ठेवायचा नाही आणि दुसऱ्या राज्यांशी तंटा झाला तर इंग्रज म्हणतील ते मान्य करायचे, अशी ती कलमे होती. स्वतःची गादी परत मिळावी म्हणून एका माणसाने सगळ्यांच्या वतीने हे लिहून दिले. त्यासाठी शिंद्यांना विचारले नाही, भोसल्यांना विचारले नाही. रयतेला विचारण्याची तर त्या व्यवस्थेत पद्धतच नव्हती.

आता नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या आणि दौलतराव शिंद्यांच्या जागी बसून पाहा. त्यांच्या दृष्टीने इंग्रज पुण्यात येऊन बसले म्हणजे उद्या नागपूर आणि उज्जैनची पाळी. म्हणून दोघांनी फौजा जमवल्या आणि १८०३ च्या उन्हाळ्यात वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला, मलकापूरच्या परिसरात एकत्र आले. ते म्हणत होते, आम्ही आमच्या मुलखात आहोत, आमचा इरादा वाईट नाही.

इंग्रजांच्या जागी बसून पाहा. तिकडे गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आणि इकडे मैदानात त्याचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे वॉटर्लूचा विजेता झाला. त्यांना दिसत होते ते असे : निजाम आपला दोस्त, आणि निजामाच्या सरहद्दीवर दोन मोठ्या फौजा येऊन बसल्या आहेत. शिंद्यांकडे फ्रेंच अधिकाऱ्यांनी घडवलेले कवायती पायदळ आणि तोफखाना आहे. मे १८०३ मध्ये युरोपात इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध पुन्हा सुरू झाले. मग कलकत्त्याला बसलेल्या माणसाला शिंद्यांच्या छावणीतला प्रत्येक गोरा अधिकारी नेपोलियनचा हस्तक दिसायला लागला.

ही भीती किती खरी होती? उत्तरेत शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य होता पेराँ नावाचा फ्रेंच. युद्ध सुरू होऊन महिना झाला नाही तोच तो नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आणि असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती होता पोलमन. तो फ्रेंच नव्हता, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा होता. हॅनोव्हरचा राज्यकर्ता कोण? तोच इंग्लंडचा तिसरा जॉर्ज! म्हणजे इंग्रज ज्या 'फ्रेंच धोक्या'शी लढत होते त्याच्या पुढे त्यांच्याच राजाचा प्रजाजन उभा होता. पण भीतीला पुरावा लागत नाही. भीतीला लष्करी खर्च मंजूर करून घ्यायचा असतो.

मे महिन्याच्या शेवटी इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स याने शिंद्यांना थेट विचारले, तह की युद्ध? शिंद्यांचे उत्तर असे होते की भोसल्यांची भेट झाली की मग सांगतो. त्यांनी कदाचित वेळ काढण्यासाठी हे म्हटले असेल. इंग्रजांनी मात्र ती धमकी समजली आणि हे एक वाक्य त्यांनी पुढे पुन्हा पुन्हा पुरावा म्हणून वापरले. जूनच्या अखेरीस गव्हर्नर जनरलने आर्थर वेलस्लीला युद्धाचे आणि तहाचे सगळे अधिकार देऊन टाकले. ज्याच्या हातात फौज त्याच्याच हातात वाटाघाटी. असे केले की वाटाघाटींचे काय होते ते सांगायला नको.

पुढचा प्रसंग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतिहासाची पुस्तके तो दोन ओळींत उरकतात.

वेलस्लीची मागणी होती की शिंद्यांनी नर्मदेपलीकडे जावे आणि भोसल्यांनी नागपूरला परत जावे, मग मी माझी फौज मागे घेतो. शिंदे-भोसल्यांचे म्हणणे होते की आधी तुम्ही जा. शेवटी त्यांनी एक तोड काढली. दोन्ही बाजूंनी एकच दिवस ठरवावा. त्या दिवशी इंग्रजांची फौज मुंबई, मद्रास आणि श्रीरंगपट्टणला पोचावी आणि आम्ही बुऱ्हाणपूरला पोचू. ऐकायला अगदी न्याय्य. पण नकाशा काढा. मलकापूरहून बुऱ्हाणपूर काही दिवसांच्या चालीवर, आणि श्रीरंगपट्टण पार म्हैसूरजवळ, शेकडो कोसांवर. इंग्रज तिकडे पोचेपर्यंत शिंदे-भोसले चार वेळा परत आले असते. उलट इंग्रजांची मागणी मान्य केली असती तर शिंद्यांना स्वतःचा दख्खनेतला मुलूख उघडा टाकावा लागला असता. म्हणजे प्रत्येक बाजूचा प्रस्ताव स्वतःला सुरक्षित करणारा आणि दुसऱ्याला उघडे पाडणारा होता. दोघेही 'आम्हाला शांतता हवी' म्हणत होते आणि दोघेही खोटे बोलत होते असेही नाही. आधी मागे हटायची मात्र कोणाचीच तयारी नव्हती.

त्यात पावसाळा आला. सामान्य माणसाला वाटेल की पावसाळ्यात कोण लढतो? पण वेलस्लीचा हिशेब उलटा होता. मराठ्यांची ताकद घोडदळात. नद्या भरल्या की घोडदळ अडते. इंग्रजांकडे मात्र नदी ओलांडायला नावांची सोय होती. म्हणजे बोलणी जितकी लांबतील तितका इंग्रजांचा फायदा कमी. वाट पाहणे हाच तोटा, असे एकदा सेनापतीला वाटू लागले की दरबारातले वकील निरुपयोगी होतात.

३ ऑगस्ट १८०३ रोजी कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली. तीन दिवसांत वेलस्लीचे पत्र गेले की आम्ही सन्मानाने तह देऊ केला होता, तुम्ही युद्ध निवडले, आता परिणामांची जबाबदारी तुमची. ८ ऑगस्टला अहमदनगरच्या पेठेवर हल्ला झाला. जगातले प्रत्येक युद्ध सुरू करणारा असे एक पत्र लिहितोच. १९१४ चे उदाहरण घ्या. २८ जूनला सारायेव्होत खून झाला, २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि ४ ऑगस्टला इंग्लंड उतरले. तिथेही फौजा हलवण्याचे वेळापत्रक वकिलांच्या पुढे धावले, आणि तिथेही प्रत्येकाकडे 'दोष समोरच्याचा' हे सांगणारा कागद तयार होता.

२३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. एकट्या इंग्रज बाजूला दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूर आणि असीरगड गेले. मग युद्ध वऱ्हाडात शिरले.

२९ नोव्हेंबर १८०३, अडगाव, आताचा तेल्हारा तालुका. असईत शौर्य गाजवलेल्या इंग्रजांच्या तीन देशी पलटणी इथे तोफांच्या पहिल्याच माऱ्यात फुटल्या आणि मागे पळाल्या. वेलस्लीला स्वतः जाऊन त्यांना परत उभे करावे लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण शूर जमाती आणि भित्र्या जमाती असा जो सिद्धांत इंग्रजांनी पुढे काढला तो अडगावच्या रानातच खोटा ठरलेला आहे. तीच माणसे, तोच गणवेश. एका दिवशी उभी राहतात आणि एका दिवशी पळतात. पुढे १८९०च्या दशकात याच सिद्धांताच्या नावाखाली महारांची भरती बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकरांना आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडले असे अर्ज करावे लागले. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा '१११ महार' पलटण उभी केली आणि महायुद्ध संपताच मोडीत काढली. गरज असते तेव्हा जात आडवी येत नाही, हे काही नवे नाही.

अडगावनंतर गाविलगड. सेमाडोहला आम्ही पोरांना हीच वाट नकाशावर दाखवली. किल्ला दक्षिणेकडून चढणे अशक्य. उत्तरेच्या अंगाने, लवादा गावाकडून तोफा लागू शकत होत्या. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने अचलपूरहून धामणगाव, मोथा असे करत डोंगरातून स्वतः रस्ता फोडत जड तोफा आणि दारूगोळा नेला. त्यातले बरेचसे अंतर तोफा हातांनी ओढाव्या लागल्या. वेलस्लीच्या अहवालात या मेहनतीचे कौतुक आहे. पण ओढणाऱ्या हातांपैकी एकाचेही नाव त्यात नाही. फौजेमागे चालणारे बैल, हमाल, धान्य पुरवणारे बंजारे यांच्याशिवाय वेलस्ली एक मुक्काम पुढे गेला नसता. त्याच्या पत्रांत बैलांची आणि बंजाऱ्यांची काळजी पानोपानी आहे. गडाभोवतीच्या ज्या रानातून हा रस्ता फोडला ते कोरकूंचे आणि गवळ्यांचे रान.

१५ डिसेंबर १८०३ रोजी गड पडला. ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने आतल्या तटाला शिडी लावली आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढून मेला. त्याच्या घरातल्या बायकांना जोहार करायला लावले होते, अशी नोंद आहे. त्या बायकांना काय वाटले याची नोंद नाही. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी सव्वाशेच्या आसपास, तेही हुद्द्यानुसार मोजलेले. गडावरची माणसे किती मेली? 'पुष्कळ' एवढेच.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. कोण कोणाकडून लढले?

भोसल्यांच्या गडावर राजपूत किल्लेदार. अडगावला भोसल्यांकडून सगळ्यात चिवट झुंज दिली ती परदेशी पायदळाने, ज्यांना अरब म्हणतात. शिंद्यांचे पायदळ बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले. यशवंतराव होळकर, ज्याच्यामुळे पेशवा पळाला, तो या युद्धात बाजूला बसून पाहत राहिला आणि पुढच्या वर्षी एकटा लढला. पेशवा तर इंग्रजांच्याच बाजूला. याला 'राष्ट्राचा स्वातंत्र्यलढा' म्हणणाऱ्यांनी या यादीत राष्ट्र कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे.

पण आपल्याही घरातले थोडे बोलले पाहिजे. आमच्यातले काही उत्साही मित्र इंग्रजांच्या प्रत्येक विजयाला 'महारांनी पेशवाई बुडवली' असे लेबल लावून फॉरवर्ड करतात. गाविलगडाबद्दल ते चालणार नाही. वेलस्ली आणि स्टीव्हन्सनकडचे देशी पायदळ प्रामुख्याने मद्रासचे होते. मद्रास फौजेत तेव्हा तमिळ मुलखातले परैयर समाजाचे शिपाईही होते, म्हणजे आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे. पण ते आपण नव्हेत. आणि लढाईच्या वेळी पुण्याचा पेशवा इंग्रजांचा दोस्त होता हेही विसरू नका. भीमा कोरेगाव १८१८ चे. तिथल्या स्तंभावर 'नाक' शेवट असलेली नावे कोरलेली आहेत, आणि बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले. तो पुरावा इतका भक्कम आहे की त्याला शेजारच्या लढाया उसन्या आणून जोडायची गरज नाही.

बाबासाहेबांनी हा मुद्दा फार बारकाईने मांडला आहे. 'द अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका' या लेखात ते दाखवतात की इंग्रजांनी हिंदुस्थान हिंदी फौजेच्या बळावर जिंकला आणि त्या फौजेत अस्पृश्य होते, प्लासीला दुसाध आणि कोरेगावला महार. पण तो लेख शौर्याची पावती मागण्यासाठी लिहिलेला नाही. त्यांचा सवाल आहे की एवढे करून अस्पृश्यांना इंग्रजांकडून काय मिळाले? ज्यांच्या खांद्यावर राज्य उभे राहिले त्यांनाच भरतीतून काढून टाकले. जातीची रचना तशीच ठेवली. लढाई जिंकणारा शिपाई गावात परतला की पुन्हा गावकुसाबाहेर.

आणि वऱ्हाडाला काय मिळाले? १७ डिसेंबर १८०३ रोजी गडाखालच्या मैदानातल्या देवगावात भोसल्यांनी तह केला. कटक कंपनीला दिले. वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाला गेले. गाविलगड, नरनाळा आणि भोवतीचा थोडा मुलूख भोसल्यांकडे राहिला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी सही केली. त्याआधी वऱ्हाडात दुहेरी अंमल होता, एकाच गावातून निजामाचेही वसुलीवाले आणि भोसल्यांचेही. युद्धाने एक धनी कमी केला एवढेच. १८०३-०४ मध्ये दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला, आणि उभी पिके खाऊन गेलेल्या फौजांनी त्यात भर घातली. त्यामागून पेंढारी आले.

पण खरी किंमत पुढे आहे. युद्ध संपले तरी फौज संपत नाही. निजामाच्या नावावर इंग्रज अधिकाऱ्यांची 'हैदराबाद कंटिंजंट' फौज वाढत गेली. परतवाडा ही तिचीच छावणी. आम्ही ज्या एसटी स्टँडवर चहा पितो ते गाव छावणीचे म्हणून वाढले. या फौजेचा पगार निजामाच्या माथी. पगार थकला, कर्ज वाढले, आणि त्या थकबाकीपोटी १८५३ साली डलहौसीने निजामाकडून वऱ्हाडच लिहून घेतले. १८६० मध्ये सुमारे ५० लाखांचे कर्ज सोडून दिले, वऱ्हाड सोडले नाही. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. ज्या फौजेची वऱ्हाडाला गरज नव्हती तिच्या पगारात वऱ्हाड गेले!

इंग्रज आले तसा मेळघाटच्या सागाला भाव आला. १८६०च्या दशकात इथले जंगल राखीव व्हायला लागले. कोरकूंची डोंगरावरची शेती, मोहाची फुले, चराई, सगळ्यावर पहारा आला. कोरकू ना असईला लढले होते ना मलकापूरच्या छावणीत बसले होते. तहाच्या कुठल्या कलमात त्यांचे नाव नाही. तरी त्या तहाचे शेपूट त्यांच्या झोपडीपर्यंत पोचले. सेमाडोहच्या माणसाला आजही स्वतःच्या रानात जाताना वनखात्याच्या नाक्यावर थांबावे लागते.

म्हणून युद्धाचा प्रश्न आपल्यासाठी देशभक्तीच्या परीक्षेचा प्रश्न नाही, हिशेबाचा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी तो हिशेब कायदामंत्रीपदाचा राजीनामा देताना मांडला होता. ऑक्टोबर १९५१ च्या निवेदनात ते सांगतात की देशाच्या ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, आणि हा खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे, कारण गरजेच्या वेळी मदतीला येईल असा मित्रच आपण ठेवलेला नाही. ज्यांचे वडील सुभेदार होते आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून ज्यांनी प्रयत्न केले त्या माणसाचे हे म्हणणे आहे. त्यांना सैन्याचे वावडे नव्हते. शेजाऱ्याशी वैर वाढवत नेऊन त्याचे बिल शाळा-दवाखान्यांच्या पैशातून भरण्याचे वावडे होते.

त्या पोराला आम्ही त्या दिवशी एवढेच म्हणालो की तुझ्या प्रश्नाचे उत्तर शोधून सांगतो. आता सांगतो. आपण तोफ ओढणाऱ्यांत होतो, धान्य लुटले गेलेल्यांत होतो, पगारासाठी दोन्हीकडून मरणाऱ्यांत होतो. ज्या तंबूत 'आधी तुम्ही मागे हटा' हे खलिते लिहिले जात होते, तिथे मात्र आपल्यातला एकही नव्हता.

पुढचे शिबिर फेब्रुवारीत आहे. या वेळी गडावर मुख्य दरवाजाने जायचे नाही असे ठरले आहे. धामणगाव, मोथा, लवादा, अशी तोफांची वाट चालायची आणि वाटेतल्या प्रत्येक गावात म्हाताऱ्यांना विचारायचे की फौज आली होती तेव्हाचे काही ऐकले आहे का. वही त्या पोराकडे दिली आहे.